अंतर ३७५ किलोमीटर, वळसा अर्ध्या पृथ्वीचा

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आठवून पाहा. त्याच्या डाव्या कडेला, वरच्या कोपऱ्यात अमेरिकेचे अलास्का राज्य असते. आणि उजव्या कडेला, साधारण तितक्याच उंचीवर, रशियाचे अतिपूर्वेकडील टोक. मध्ये उत्तर अमेरिका, अटलांटिक महासागर आणि युरोप-आशियाचा सारा पसारा. नकाशाची गुंडाळी करून त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवल्या, की मात्र ध्यानात येते, की नकाशावर सर्वांत दूर दिसणारे हे दोन प्रदेश प्रत्यक्षात सख्खे शेजारी आहेत.

या शेजारातील दोन गावांची ही गोष्ट आहे. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर नोम नावाचे गाव आहे. बेरिंग समुद्रापलीकडे, रशियाच्या चुकोत्का प्रांतात, प्रोविदेनिया नावाचे बंदर आहे. २०२० च्या अमेरिकी जनगणनेत नोमची लोकसंख्या सुमारे ३,७०० भरली; प्रोविदेनियाची २०१० च्या रशियन जनगणनेत दोन हजारांच्या आसपास होती. दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेला वसलेली आहेत.

या दोन गावांमधील अंतर किती आणि विमानाने जाण्यास वेळ किती लागेल, असे संगणकाला विचारल्यास क्षणार्धात उत्तर मिळते. अंतर सुमारे ३७५ किलोमीटर आणि ताशी ८०० किलोमीटर वेगाने वेळ २८ मिनिटे. मुंबईहून सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ जितका दूर आहे, त्याहून हे अंतर थोडे अधिक आणि मुंबई-पणजी हवाई अंतराहून थोडे कमी. गणित म्हणून या उत्तरात काहीही चूक नाही. परंतु नोममधील एखाद्या सामान्य प्रवाशाला आज प्रोविदेनियाला जायचे ठरवल्यास सुमारे २१ हजार किलोमीटरचा वळसा घ्यावा लागतो. म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या निम्म्याहून अधिक. हा चमत्कार कसा घडतो, हे समजून घेतले, की 'अंतर' या साध्या शब्दात किती गोष्टी दडलेल्या असतात याची कल्पना येते.

नकाशा आणि गोल

सुरुवात गणितापासूनच करू. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पाठीवरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. बृहद्वृत्त म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारे वर्तुळ. पृथ्वीच्या गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो आपोआप याच मार्गावर बसतो. संगणक अंतर काढतो ते याच दोऱ्याचे.

नोम आणि प्रोविदेनियाच्या बाबतीत हे गणित कागद-पेन्सिलीनेही करता येते. नोमचा रेखांश १६५ अंश २४ मिनिटे पश्चिम, तर प्रोविदेनियाचा १७३ अंश १४ मिनिटे पश्चिम. फरक जवळजवळ ७.८ अंशांचा. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पण रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. साडेचौसष्ट उत्तर अक्षांशावर हा एक अंश आक्रसून अवघा ४८ किलोमीटर उरतो. ४८ ला ७.८ ने गुणले, की ३७५ च्या जवळचा आकडा मिळतो. अक्षांशातील फरक इतका किरकोळ आहे, की तो सोडून दिला तरी चालते.

मग भिंतीवरचा नकाशा आपल्याला का फसवतो? मर्केटर पद्धतीच्या नकाशात रेखावृत्ते सरळ उभी आणि परस्परांना समांतर काढलेली असतात. ध्रुवाकडे आक्रसणारे अंतर तेथे ताणून विषुववृत्ताइतके रुंद केले जाते. साडेचौसष्ट अक्षांशावर हा ताण सुमारे २.३ पट होतो. त्यात भर म्हणजे सपाट नकाशाला कुठे तरी कापावे लागते आणि बहुतेक नकाशे पॅसिफिक महासागरातच कापलेले असतात. त्यामुळे समोरासमोरची दोन गावे कागदाच्या दोन टोकांना जाऊन बसतात. प्रोविदेनिया आशियात असूनही त्याचा रेखांश 'पश्चिम' आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

अठ्ठावीस मिनिटे कोणाची?

आता वेळेकडे वळू. अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागून वेळ काढण्याची पद्धत मोठ्या जेट विमानाच्या आकाशातील वेगावर आधारलेली आहे. मुंबई-लंडनसारख्या लांब पल्ल्यासाठी ती बऱ्यापैकी जुळते. लहान पल्ल्यात मात्र विमान धावपट्टीवर जाणे, उंची गाठणे, ती सोडणे आणि उतरण्यासाठी रांगेत येणे यांतच बराच वेळ जातो. मुंबई-पुणे हवाई अंतर भागाकाराने दहा मिनिटांवर येते म्हणून कोणी दहा मिनिटांत मुंबईहून पुण्याला पोहोचत नाही.

दुर्गम गावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. तेथे मोठी जेट विमाने रोज जात नाहीत. जातात ती पंख्याची लहान विमाने. समजा, एखादे दोन इंजिनांचे विमान ताशी ३५० किलोमीटर वेगाने उडते आहे. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ३०० वर येतो आणि ३७५ किलोमीटरला सव्वा तास लागतो. तोच वारा पाठीमागून असेल, तर वेग ४०० होतो आणि ५६ मिनिटे पुरतात. म्हणजे जाताना आणि येताना लागणाऱ्या वेळात वाऱ्यानेच जवळजवळ वीस मिनिटांचा फरक पडू शकतो.

शिवाय वैमानिक केवळ ३७५ किलोमीटरचे इंधन घेऊन निघत नाही. प्रोविदेनिया हे डोंगरांनी वेढलेल्या खाडीकाठचे बंदर आहे आणि बेरिंग समुद्रावर धुके केव्हा उतरेल याचा नेम नसतो. तेथे उतरता आले नाही, तर दुसऱ्या विमानतळापर्यंत किंवा परत नोमपर्यंत जाण्याइतके इंधन आणि त्याउपर राखीव साठा विमानात असावा लागतो. लहान विमानात इंधनाचे वजन वाढले, की प्रवासी आणि सामान कमी करावे लागते. भागाकाराच्या उत्तरात यांपैकी काहीच दिसत नाही.

सूर्याचा अर्धा तास, घड्याळाचे एकवीस तास

या दोन गावांमधील सर्वांत विलक्षण गोष्ट त्यांच्या घड्याळांत आहे. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे नोमवर माथ्यावर आलेला सूर्य सुमारे ३१ मिनिटांनी प्रोविदेनियाच्या माथ्यावर येतो. निसर्गाच्या हिशेबाने या दोन गावांच्या वेळेत अर्ध्या तासाचाच फरक आहे. प्रत्यक्षात हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत २१ तासांचे अंतर असते आणि अमेरिकेत उन्हाळी वेळ लागू झाली, की ते २० तासांवर येते.

याचे कारण आंतरराष्ट्रीय वाररेषा. ही रेषा सर्वसाधारणपणे १८० रेखावृत्ताला धरून जाते. परंतु चुकोत्काचे टोक रशियाच्याच वारात राहावे म्हणून ती येथे पूर्वेकडे वाकवून बेरिंगच्या सामुद्रधुनीतून नेली आहे. त्यातच अलास्काने १९८३ मध्ये राज्याचा बहुतेक भाग एकाच प्रमाणवेळेत आणण्यासाठी नोमचे घड्याळ दोन तास पुढे केले. त्यामुळे अर्ध्या तासाच्या ठिकाणी तीन तासांची तफावत झाली आणि वार बदलला तो वेगळाच.

याचा व्यवहारात अर्थ असा, की हिवाळ्यात सोमवारी सकाळी दहा वाजता नोमहून निघालेले विमान सव्वा तासाने प्रोविदेनियाला उतरले, तर तेथे मंगळवारचे सकाळचे सव्वाआठ वाजलेले असतील. परतताना मंगळवारी सकाळी दहाला निघालेला प्रवासी नोमला सोमवारी दुपारी सव्वादोन वाजता उतरेल. सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ यांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढणाऱ्याची येथे भंबेरी उडाल्याशिवाय राहणार नाही.

गंमत म्हणजे वाररेषा नेहमीच येथे नव्हती. अलास्का हा पूर्वी रशियाचा भाग होता आणि तेथे आशियातील वार पाळला जाई. ३० मार्च १८६७ रोजी झालेल्या कराराने रशियाने तो ७२ लाख डॉलरना अमेरिकेला विकला. त्या वर्षी १८ ऑक्टोबरला प्रत्यक्ष हस्तांतर झाले, तेव्हा अलास्काने वार आणि दिनदर्शिका दोन्ही बदलल्या आणि तेथे एका शुक्रवारनंतर लगेच दुसरा शुक्रवार उजाडला. त्याच कराराने दोन देशांची सीमा सामुद्रधुनीतील दोन डायोमीड बेटांच्या मधून आखली. या बेटांमध्ये जेमतेम ३.८ किलोमीटर पाणी आहे; साधारण आपल्या मरीन ड्राइव्हच्या लांबीएवढे. रशियाच्या मोठ्या डायोमीडला 'उद्याचे बेट' आणि अमेरिकेच्या धाकट्या डायोमीडला 'कालचे बेट' असे म्हटले जाते.

एकाच भाषेचे दोन किनारे

सीमा आखणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्जन बर्फाळ प्रदेश होता. प्रत्यक्षात तेथे हजारो वर्षांपासून माणसे राहत होती. चुकोत्काच्या किनाऱ्यावरील आणि अलास्काच्या सेंट लॉरेन्स बेटावरील युपिक लोकांची भाषा एक, नातीगोती एक, वॉलरस आणि देवमाशाच्या शिकारीची रीतही एक. चामड्याच्या होड्यांतून त्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे असे. १९३८ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी या मूळ रहिवाशांना व्हिसाशिवाय ये-जा करता येईल असा करारही केला होता.

दुसऱ्या महायुद्धात तर हे आकाश जगातील महत्त्वाच्या हवाई मार्गांपैकी एक बनले. हिटलरशी लढणाऱ्या सोव्हिएत संघाला अमेरिकेने दिलेली जवळजवळ आठ हजार विमाने १९४२ ते १९४५ या काळात अलास्कातील फेअरबँक्स येथे सोव्हिएत वैमानिकांच्या ताब्यात दिली गेली आणि नोममार्गे सैबेरियात नेण्यात आली. नोमच्या धावपट्टीवर त्या काळी लाल तारा मिरवणारी विमाने ही नेहमीची बाब होती.

युद्ध संपले आणि मित्र शत्रू झाले. १९४८ मध्ये सीमा बंद झाली. मोठ्या डायोमीडवरील मूळ रहिवाशांना सोव्हिएत सरकारने मुख्य भूमीवर हलवले आणि तेथे सैनिकी ठाणे बसवले. सामुद्रधुनीच्या अगदी काठावरचे नौकान हे युपिक गाव १९५८ मध्ये रिकामे करण्यात आले. युरोपात जसा 'पोलादी पडदा' पडला, तसा येथे 'बर्फाचा पडदा' पडला. स्वच्छ हवेत पलीकडचा किनारा डोळ्यांना दिसत असे. पण त्या किनाऱ्यावर आपली बहीण जिवंत आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नव्हता. अंतरात एका मीटरचाही फरक पडला नव्हता. तरीही दोन किनारे चाळीस वर्षे एकमेकांना अप्राप्य राहिले.

हा पडदा फाटला तो एका स्त्रीच्या जिद्दीने आणि एका विमानाने. ७ ऑगस्ट १९८७ रोजी लिन कॉक्स ही अमेरिकी जलतरणपटू धाकट्या डायोमीडवरून पोहत निघाली आणि दहा अंशांहूनही कमी तापमानाच्या पाण्यातून दोन तासांहून थोड्या अधिक वेळात मोठ्या डायोमीडला पोहोचली. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तिचे स्वागत केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अण्वस्त्र कराराच्या निमित्ताने अमेरिकेत आलेल्या गोर्बाचेव्ह यांनी तिचा आवर्जून उल्लेख केला.

त्यानंतर १३ जून १९८८ रोजी अलास्का एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान नोमहून प्रोविदेनियाला गेले. 'मैत्री उड्डाण' या नावाने ते ओळखले जाते. विमानात राज्याचे गव्हर्नर, पत्रकार यांच्यासह अलास्कातील युपिक मंडळीही होती. चार दशकांपूर्वी ताटातूट झालेली माणसे त्या दिवशी प्रोविदेनियात एकमेकांना भेटली आणि दुभाष्याची गरज न पडता आपल्या भाषेत बोलली. त्या विमानाने कापलेले अंतर ३७५ किलोमीटरच होते. पण त्याची खरी मोजदाद १९४८ ते १९८८ अशी वर्षांतच करावी लागेल.

पुढच्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या व्हिसामुक्त भेटींचा नवा करार झाला. १९९१ पासून अलास्का एअरलाइन्सने मगदान आणि खाबारोव्स्कसारख्या रशियन शहरांना नियमित उड्डाणे सुरू केली. १९९८ मध्ये रूबल कोसळला आणि ती सेवा बंद पडली. त्यानंतरही नोमहून ठरवून नेल्या जाणाऱ्या लहान विमानांच्या फेऱ्या होत असत. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर अमेरिकेने मार्चच्या आरंभी आपली हवाई हद्द रशियन विमानांना बंद केली. अमेरिकी विमानांनाही रशियाचे आकाश दुरावले. पडदा पुन्हा पडला.

आजचा रस्ता

मग आज जायचे कसे? प्रथम नोमहून अँकरेज, सुमारे ८७० किलोमीटर. नोमला अलास्काच्या उर्वरित भागाशी जोडणारा रस्ता नाही, त्यामुळे हेही विमानानेच. तेथून सिॲटल, सुमारे २,३०० किलोमीटर. सिॲटलहून इस्तंबूल, सुमारे ९,८०० किलोमीटर; कारण तुर्कस्तानने रशियाशी विमानसेवा चालू ठेवली आहे. इस्तंबूलहून मॉस्को सरळ रेषेत सुमारे १,७५० किलोमीटर; मात्र विमानांना युक्रेन टाळून जावे लागत असल्याने प्रत्यक्ष मार्ग आणखी लांबतो. मॉस्कोहून चुकोत्काची राजधानी अनादिर, सुमारे ६,२०० किलोमीटर. अखेरीस अनादिरहून लहान विमानाने प्रोविदेनिया, सुमारे ४४० किलोमीटर.

बेरीज २१ हजार किलोमीटरच्या वर जाते. सरळ अंतराच्या जवळजवळ ५७ पट. निव्वळ आकाशातील वेळ ३० तासांच्या आसपास होतो. थांबे, मुक्काम आणि हवामानाची प्रतीक्षा धरल्यास तीन-चार दिवस सहज जातात. शेवटच्या टप्प्यावर धुके असेल, तर त्याहूनही अधिक. चीनमार्गे किंवा आखातातील शहरांमार्गे दुसरे मार्ग आखता येतील. पण त्यांतील एकही हजारो किलोमीटरच्या आत येत नाही. शिवाय रशियाचा व्हिसा पुरत नाही. चुकोत्का हा सीमाभाग असल्याने परदेशी नागरिकाला वेगळा परवाना काढावा लागतो.

पडद्याला छिद्रे नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला लष्करातील सक्तीच्या भरतीतून सुटण्यासाठी दोन रशियन नागरिक लहानशा बोटीने सेंट लॉरेन्स बेटावरील गॅम्बेल गावी येऊन थडकले आणि त्यांनी अमेरिकेत आश्रय मागितला. १५ ऑगस्ट २०२५ रोजी रशियाचे अध्यक्ष पुतिन मगदानचा दौरा आटोपून थेट विमानाने अँकरेजला आले आणि अमेरिकी अध्यक्ष ट्रम्प यांना भेटले. म्हणजे जीव मुठीत धरून निघालेला माणूस आणि राष्ट्रप्रमुख, या दोघांना सरळ मार्ग मिळाला. सेंट लॉरेन्सवरील आजीला पलीकडच्या भाचीच्या लग्नाला जायचे असेल, तर तिच्यापुढे इस्तंबूलचाच रस्ता उरतो.

मुंबईपर्यंत आलेला वळसा

हे सारे ध्रुवाजवळच्या कुठल्या तरी दोन गावांचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटण्याची शक्यता आहे. पण भारतातून अमेरिकेला जाणारे सर्वांत जवळचे मार्गही उत्तरेकडच्याच आकाशातून जातात. मार्च २०२२ मध्ये रशियाचे आकाश दुरावताच युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क-मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली ही उड्डाणे स्थगित केली. वळसा घालून जायचे तर इंधन आणि वेळ दोन्ही वाढतात आणि विमानाला पेलेल असा भार कमी होतो, हे नोमच्या लहान विमानाचे गणित मोठ्या विमानालाही लागू पडते.

भारतीय विमानांना मात्र रशियावरून जाण्यास मज्जाव नव्हता. ६ जून २०२३ रोजी एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातील बिघाडामुळे त्याच मगदानला उतरवावे लागले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी त्या दूरच्या गावात अडकले आणि त्यांच्या सुटकेसाठी दुसरे विमान मुंबईहून पाठवण्यात आले. मगदानहून अलास्का तुलनेने जवळ. पण मदत आली ती हजारो किलोमीटरवरच्या मुंबईतून. नकाशावरचे जवळ-दूर आणि व्यवहारातले जवळ-दूर यांतील फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

कोकणातल्या माणसाला तर ही गोष्ट समजावून सांगण्याची गरजच नाही. दाभोळहून समोरचे धोपावे खाडीपलीकडे दिसते. फेरीबोट चालू असेल, तर काही मिनिटांत गाडीसह पलीकडे जाता येते. फेरी नसेल, तर चिपळूणपर्यंत जाऊन पुन्हा खाली उतरावे लागते. खाडीची रुंदी दोन्ही दिवशी तेवढीच असते.

योग्य प्रश्न कोणता?

दोन ठिकाणांमधील अंतर पाहताना म्हणूनच काही प्रश्न विचारून घ्यावेत. हे अंतर दोरा ताणून मोजलेले आहे, की प्रत्यक्ष मार्गाचे? सांगितलेला वेळ कोणत्या विमानाचा आहे आणि ते विमान तेथे खरोखर जाते काय? सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ कोणत्या गावच्या घड्याळाची? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मधल्या आकाशातून जाण्याची परवानगी कोणाला आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे भूगोल आणि गणित देऊ शकतात. चौथ्याचे उत्तर राजधान्यांमध्ये ठरते आणि ते बदलतही असते.

नोमच्या लोकांना दुर्गमतेचा अनुभव नवा नाही. १९२५ च्या हिवाळ्यात गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांनी एकामागून एक, अशा वीस चालकांच्या हातांतून, सुमारे १,०८५ किलोमीटरवरून साडेपाच दिवसांत प्रतिविष आणून पोहोचवले. त्या काळी अडसर होता तो बर्फाचा आणि थंडीचा. माणसांनी एकमेकांच्या हाती ओझे देत तो पार केला. आज विमाने आहेत, धावपट्ट्या आहेत, हवामानाचा अंदाज आहे. प्रोविदेनिया या नावाचा अर्थ 'ईश्वरी कृपा'. १८४८ च्या हिवाळ्यात तेथील खाडीत सुरक्षित आसरा मिळालेल्या 'प्लोव्हर' या ब्रिटिश जहाजाच्या कप्तानाने ते नाव दिले. त्या कप्तानाला तेथे राहण्यासाठी कोणाचा परवाना लागला नव्हता. पलीकडच्या किनाऱ्यावरील नातलगांना तो आज लागतो आणि तो मिळेपर्यंत ३७५ किलोमीटर हा आकडा त्यांच्यासाठी केवळ कागदावरच खरा आहे.